तीन म्हणू नको

रेणापूरच्या पुढं, खडी केंद्रावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते.
सकाळी सातला येतो म्हटलं होतं मी,
पण चंपाबाईंचा हिशोब वेगळा.
सातचं ऊन कामाचं, ते फोटोला कोण देतंय?
जेवायच्या सुट्टीतलं घे, म्हणाल्या,
ते तसंबी वायाच जातंय.

एप्रिल. सावल्या पायाखाली दडून बसलेल्या,
टिप्परच्या पत्र्याला हात लावावा तर फोड.
असल्या उन्हात चेहरा नसतोच माणसाला.
कपाळ असतं, चुना फासल्यासारखं,
नाकाचा शेंडा असतो,
आणि डोळ्यांच्या जागी दोन खोल खोबणी.

गंजगोलाईमागच्या अंधाऱ्या खोलीत इनायतमामू सांगायचे,
ऊन म्हंजे लग्नातला मानाचा पावणा.
पुढं बसवलास तर दुसरं कुणी दिसत नाही.
मागं उभा कर,
खांद्यावर हात ठेवू दे,
तेवढ्यावर खूश ऱ्हातो.

म्हणून त्यांना फिरवलं. ऊन पाठीवर घेतलं.
नात सारिका थर्माकोलची पाटी धरून समोर,
तिच्यावरून उडालेला उजेड आजीच्या तोंडावर,
आणि आजीचे डोळे गच्च.

त्यावरही युक्ती आहे, जुनीच:
डोळे मिटा, आजी. तीन म्हटलं की उघडा.
एक.
दोन.
तीनला पापण्या आणखी आवळल्या.

पुन्हा. पुन्हा. सहा वेळा.
सारिका आधी हसली, मग हसायची थांबली.
रेशन कार्डावर असंच हाय, म्हणाली,
पासबुकावर पण. बँकेतला साहेब म्हणला,
बाई झोपली होती का?
घरात एक तरी उघड्या डोळ्यांची पायजे, दादा,
भिंतीला.

चंपाबाई पदरानं मान पुसत होत्या.
तू तीन म्हणतूस, म्हणाल्या,
अन् माझ्या हातात घण येतोय.
चाळीस वर्सं झाली.
घण पडताना ज्यांनी डोळा उघडा ठिवला
त्यांचे डोळे न्हाईत आता.
माझ्या जावंला इचार.

मी पाटी खाली ठेवायला लावली.

कॅमेरा तसा भोळा असतो.
त्याला वाटतं सगळं जग मिळून एकच राखाडी,
ना पांढरं ना काळं.
पांढरं लुगडं दाखवा, तो ते मळवतो,
सावळा गाल दाखवा, तो धुऊन काढतो.
त्याला खरं पटवायला राखाडी पुठ्ठा लागतो,
तो माझ्या घरी, कपाटावर.
आणि इथं आपल्या काळ्या दगडाचा भुकटा,
नेमका तोच रंग,
पुरुषभर उंच ढीग.

टिप्परच्या सावलीच्या काठावर बसवलं त्यांना,
ऊन जिथं संपतं तिथून हातभर आत.
समोरच्या ढिगावर आपटलेला उजेड
खालून, हळू, हनुवटीवर चढत होता.
सारिकाला म्हटलं, मूठभर भुकटा घे,
तळहात आजीच्या गालाशी धर.
त्या तळहातावरून मोजलं.
आकडे बांधून टाकले.
मागचं आभाळ जळणार हे कळत होतं,
चेहरा आणि आभाळ दोन्ही पेलत नाही यंत्राला,
एक सोडावं लागतं.

आता मोजणार नव्हतो काही.
बोट बटणावर ठेवून नुसता बसलो,
खरं तर कसं करावं ते सुचत नव्हतं.

तेवढ्यात चंपाबाईंनी नातीचा तळहात ओढला,
भुकट्यात बोट फिरवलं, एक कण चिमटीत धरला,
उजेडाकडं केला,
आणि बघितलं त्याच्याकडं,
सोनार बघतो तसं,
पूर्ण, सावकाश, दोन्ही डोळ्यांनी.

हा आपला न्हाई, म्हणाल्या. मशिनीचा हाय.
कड बग कशी मेलेली.

खट्.

सारिकानं पडद्यावर वाकून बघितलं.
दादा, आभाळ आलंच न्हाई, पांढरं फक्क झालंय.

आजीनं चिमटी झटकली, डबा उघडला.
ऱ्हाऊ दे, म्हणाल्या,
ते रोजच असतंय डोक्यावर.